एक प्रत मागे असू द्या

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. मोठ्या कंपन्यांच्या संगणक-जाळ्यात एक मध्यवर्ती नोंदवही असते. तिच्या अनेक प्रतींपैकी एक प्रत मुद्दाम मागे का ठेवावी, आणि संकटकाळी ती कशी उपयोगी पडते, हा तो विषय. मी बी. ए., बी. एड. झालेला शाळामास्तर आहे, इंजिनियर नव्हे. तरीही हा विषय घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या शाळांतून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज मुंबई-पुण्यात आणि आखाती देशांत कंपन्यांच्या संगणक विभागात नोकरीस आहेत. ती दिवसभर काय सांभाळतात हे घरच्या माणसांना ठाऊक नसते. 'कॉम्प्युटरवर बसतो' एवढेच आपण सांगतो. दुसरे कारण असे की, ह्या तांत्रिक युक्तीत पालकांनी आणि शिक्षकांनीही घ्यावा असा एक धडा आहे. तो मी ओघाने सांगेन.

प्रथम ही नोंदवही म्हणजे काय ते पाहू. आपल्या शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, शाळेत दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख हे सारे त्यात असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. उद्या हे रजिस्टर नाहीसे झाले, तर इमारत उभी असेल, शिक्षक हजर असतील, बाकेही जागेवर असतील. पण वर्गात बसलेला मुलगा कोण, हे कागदावर सिद्ध करता येणार नाही.

कंपनीच्या संगणक-जाळ्यातही असेच एक रजिस्टर असते. त्याला डिरेक्टरी म्हणतात. कर्मचाऱ्याचे नाव, त्याच्या पासवर्डची सांकेतिक नोंद, तो कोणत्या गटात मोडतो, कोणती फाइल उघडण्याचा त्याला अधिकार आहे, हे सर्व तीत असते. सकाळी कर्मचारी आपल्या संगणकासमोर बसून नाव व पासवर्ड घालतो, तेव्हा 'हा आपलाच माणूस आहे काय?' हा प्रश्न ह्या डिरेक्टरीला विचारला जातो. ती 'होय' म्हणाली तरच दार उघडते. जगातील बहुसंख्य मोठ्या कंपन्यांत हे काम मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी करते. ही व्यवस्था विंडोज २००० बरोबर, म्हणजे सन २००० मध्ये आली. ज्या सर्व्हरवर ही डिरेक्टरी राहते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात.

आता एवढे महत्त्वाचे रजिस्टर एकाच यंत्रावर ठेवणे धोक्याचे. म्हणून कंपन्या अनेक डोमेन कंट्रोलर ठेवतात, आणि प्रत्येकावर त्याच डिरेक्टरीची प्रत असते. मुंबईच्या कचेरीत नव्या माणसाचे नाव घातले की ते आपोआप दिल्लीच्या व दुबईच्या प्रतींत जाऊन बसते. ह्या प्रती जुळवण्याच्या क्रियेला रेप्लिकेशन म्हणतात. एकाच ठिकाणच्या सर्व्हरांमध्ये हा बदल पोहोचायला साधारणपणे काही सेकंदच लागतात. दूरच्या दोन ठिकाणांमध्ये मूळ नेमणूक दर १८० मिनिटांची असते. ती कमी करून १५ मिनिटांवर आणता येते. एक सर्व्हर जळाला, बिघडला, पुरात बुडाला, तरी दुसरा काम चालू ठेवतो. कोणालाही वाटेल की आता चिंता मिटली.

परंतु मित्रहो, खरी गोम इथेच आहे. यंत्र बिघडणे हे एक संकट झाले. माणसाने चुकीची नोंद करणे हे वेगळे संकट. समजा, संगणक विभागातील एखाद्या तरुणाने एक रिकामा विभाग पुसायचा म्हणून भलताच विभाग निवडला आणि ५०० कर्मचाऱ्यांची नावे पुसली गेली. रेप्लिकेशनला बरे-वाईट कळत नाही. नवी नोंद ज्या निष्ठेने ते पोहोचवते, त्याच निष्ठेने ते पुसणेही पोहोचवते. थोड्याच वेळात मुंबई, दिल्ली, दुबई सगळीकडून ती ५०० नावे जातात. दहा प्रती असल्या तर दहाही सारख्याच चुकीच्या होतात. म्हणजे ज्या वेगाचा आपल्याला आधार वाटत होता, तोच वेग आपल्यावर उलटतो. तात्पर्य, प्रती पुष्कळ असणे आणि जुनी स्थिती सुरक्षित असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

यावर जाणत्यांनी जो उपाय काढला तो अगदी साधा आहे. सर्व प्रतींपैकी एक प्रत मुद्दाम मागे ठेवायची. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत दोन ठिकाणांमधील रेप्लिकेशनचे वेळापत्रक आठवड्याच्या सात दिवसांचे, तासातासाचे आखता येते. एक डोमेन कंट्रोलर स्वतंत्र ठिकाणी नोंदवून त्याला आठवड्यातून एकदाच, उदाहरणार्थ रविवारी पहाटे तासभर, बदल घेण्याची मुभा द्यायची. बाकीचे सहा दिवस तो मागच्या रविवारच्या स्थितीत राहतो. याला लॅग साइट म्हणतात. बुधवारी ५०० नावे पुसली गेली, तर इतर सर्व प्रतींतून ती जातील. पण मागे ठेवलेल्या ह्या प्रतीत ती शाबूत असतील.

तेथून ती परत आणण्याची रीतही ऐकण्याजोगी आहे. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि दोन प्रतींत फरक दिसला की ज्या नोंदीचा क्रमांक मोठा ती खरी मानली जाते. मागच्या प्रतीतील नावे जुनी, म्हणून त्यांचा क्रमांक लहान. ती तशीच जाळ्यात सोडली तर 'पुसले' ही नवी नोंद त्यांच्यावर मात करील. म्हणून व्यवस्थापक प्रथम त्या सर्व्हरकडे येणारे बदल बंद करतो, आणि मग पुसल्या गेलेल्या नावांचे क्रमांक एकदम लाखाने वाढवतो. आता जुनी नावे सर्वांत मोठ्या क्रमांकाची झाली. दार उघडताच तीच सगळीकडे पसरतात. चूक ज्या रस्त्याने पसरली, त्याच रस्त्याने दुरुस्तीही पसरते.

ह्या उपायाला मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय विषय अपुरा राहील.

पहिली मर्यादा वेळेची. चूक शनिवारी रात्री झाली आणि कोणाच्या लक्षात आली नाही, तर रविवारी पहाटे ती मागच्या प्रतीतही जाते. म्हणून काही ठिकाणी अशी दोन केंद्रे ठेवतात. एक रविवारी बदल घेते, दुसरे बुधवारी. शनिवारची चूक रविवारच्या प्रतीत शिरली, तरी बुधवारची प्रत वाचते.

दुसरी मर्यादा उलट्या टोकाची. प्रत फार मागे ठेवूनही चालत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पुसलेले नाव लगेच नष्ट होत नाही. 'हे पुसले आहे' अशी खूण करून ते काही काळ राखून ठेवतात, म्हणजे सर्व प्रतींना ती बातमी कळावी. पूर्वी हा काळ ६० दिवसांचा होता. पुढे नव्या व्यवस्थांत तो १८० दिवस झाला. त्याहून अधिक काळ एखादी प्रत जाळ्याबाहेर राहिली, तर पुसल्याची बातमी तिला कधी मिळतच नाही, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसांची नावे ती परत जिवंत करू पाहते. म्हणून अशी प्रत पुन्हा जोडू नये, असा नियम आहे.

तिसरी मर्यादा अशी की, ह्या मागच्या सर्व्हरवरून रोजचे काम करायचे नसते. त्याच्याकडे जुने पासवर्ड आणि जुने अधिकार असतात. काल ज्याला कामावरून कमी केले, त्याला हा सर्व्हर आजही ओळखेल. तेव्हा सामान्य कर्मचाऱ्यांचे संगणक त्याच्याकडे वळणार नाहीत अशी तजवीज करावी लागते. शिवाय व्यवस्थापकाने हुकूम सोडला तर वेळापत्रक बाजूला सारून बदल ताबडतोब आत घेता येतात. म्हणजे हे कुलूप नव्हे, नुसता उशीर आहे. २००९ साली विंडोज सर्व्हर २००८ आर-टू मध्ये डिरेक्टरीसाठी कचरापेटीची सोय आली, आणि पुसलेली नावे परत काढणे पुष्कळ सोपे झाले. पण तिचा उपयोग पुसलेल्या नोंदींपुरता. नाव जागेवर आहे आणि त्यातील माहिती मात्र कोणी चुकीची भरली, तर कचरापेटी रिकामीच असते. तेथे मागची प्रत किंवा नेहमीचा बॅकअप हवा.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतील वडीलधारी मंडळी बोटीवर नोकरी करून आली आहेत. त्यांना मेर्स्क हे नाव नवे नाही. डेन्मार्कची ही कंपनी जगातील सर्वांत मोठ्या कंटेनर-वाहतूक कंपन्यांपैकी एक. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरला. तेथील कंपन्या हिशेबासाठी जे एक सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या सुधारित आवृत्तीतून तो शिरला. मेर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीतील एका संगणकावर ते सॉफ्टवेअर होते. तेवढ्या फटीतून तो जगभरच्या जाळ्यात घुसला. पडद्यावर तो खंडणी मागे. परंतु पैसे देऊनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. त्याचा धक्का आपल्या रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेव्यालाही बसला. जवाहरलाल नेहरू बंदरातील, मेर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम त्या दिवसांत विस्कळीत झाले.

मेर्स्ककडे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. प्रत्येकाने दुसऱ्याची प्रत राखावी, अशी ती व्यवस्था होती. एक गेला तर १४९ आहेत, असा हिशेब. सगळे एकाच वेळी जातील हे कोणी धरले नव्हते, आणि नेमके तेच झाले. इतर सर्व्हरांचे काही दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले; पण डिरेक्टरीचा बॅकअप कोठेच मिळेना. आणि डिरेक्टरीवाचून बाकी काहीच उभे राहीना, कारण कोणता माणूस आपला आणि कोणते यंत्र आपले, हेच सांगणारे कोणी उरले नव्हते.

जगभर फोन फिरले, आणि शेवटी आफ्रिकेतील घाना देशाच्या कचेरीत एक डोमेन कंट्रोलर शाबूत सापडला. कसा वाचला? हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेली होती. यंत्र बंद पडले, जाळ्यापासून तुटले, म्हणून वाचले. त्यातील माहिती इंग्लंडमधील मेडनहेड येथे, जेथे दुरुस्तीचे मुख्य केंद्र होते, तेथे न्यायची होती. घानातील इंटरनेट इतके संथ की तारेने पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तेथील कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एकाने विमानाने नायजेरियापर्यंत जाऊन विमानतळावर ती हार्ड डिस्क दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला गेला. ही सारी हकीकत अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली 'वायर्ड' मासिकात लिहिली. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले की, सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. घानातील प्रत वाचली ती वेळापत्रकाने मागे होती म्हणून नव्हे. ती जाळ्यातच नव्हती म्हणून. मागे ठेवलेला सर्व्हर जर चालू असेल आणि जाळ्याला जोडलेला असेल, तर असा प्रोग्राम त्याच्यावरही झडप घालू शकतो. म्हणून संकटानुसार उपाय निरनिराळे. यंत्र बिघडले तर ताबडतोब जुळणाऱ्या प्रती कामास येतात. माणूस चुकला तर मागे ठेवलेली प्रत कामास येते. आणि शत्रूने हल्ला केला तर जाळ्यापासून पूर्ण तोडून ठेवलेला बॅकअप कामास येतो. यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. घानात जे विजेच्या खेळामुळे आपोआप घडले, ते शहाण्या कंपनीने स्वतः आखून ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी हकीकत त्याच वर्षातली, ३१ जानेवारी २०१७ ची. गिटलॅब नावाची कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचे काम आपल्या सर्व्हरवर ठेवते. डिरेक्टरी नव्हे, पण तत्त्व तेच. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनियरला दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसायची होती. त्याने पुसण्याचा हुकूम चुकून मुख्य सर्व्हरवर दिला. काही क्षणांत चूक लक्षात येऊन त्याने हुकूम थांबवला. पण ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच्या आसपास उरले होते. मग बॅकअप शोधले, तर ठरलेले बॅकअप कित्येक दिवस नीट होतच नव्हते, आणि ते होत नसल्याची सूचना देणारी पत्रेही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत मिळाली. त्या सहा तासांतील काम मात्र कायमचे गेले. पुढे ह्या कंपनीने आपल्या माहितीची एक प्रत कायम आठ तास मागे ठेवण्याची व्यवस्था केली.

ह्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. त्या इंजिनियरने चूक लपवली नाही. कंपनीनेही ती लपवली नाही. दुरुस्तीचे काम लोकांना दिसेल असे चालू ठेवले, पुढे सविस्तर निवेदन छापले, आणि त्यात त्या इंजिनियरचे नाव न देता दोष व्यवस्थेचा कोठे होता ते मांडले.

पालकहो, आता तो धडा. मागे ठेवलेली प्रत आपल्याला काय देते? ती वेळ देते, आणि तीही मोजकीच. आठ तास, किंवा सहा दिवस. त्या वेळेत चूक करणाऱ्याने 'माझ्याकडून असे झाले' हे सांगितले, तर सगळे परत मिळते. तो भीतीने गप्प राहिला आणि रविवारची पहाट उलटली, तर मागची प्रतही गेली. लाखो रुपयांची यंत्रे आणि उत्तम वेळापत्रक, यांचा सारा उपयोग शेवटी एका तरुण माणसाच्या तोंड उघडण्यावर अवलंबून राहतो. आणि तो तोंड उघडतो की नाही, हे कंपनीत ठरत नाही. ते पुष्कळसे घरात आणि शाळेत आधीच ठरलेले असते. ज्या मुलाला प्रगतिपुस्तक दाखवताना मार मिळाला, तो पुढच्या वेळी प्रगतिपुस्तक लपवतो. तोच मुलगा पंचविसाव्या वर्षी सर्व्हरसमोर बसलेला असतो. आपण मुलांना चुकू नका म्हणतो, ते बरोबरच आहे. पण चुकलास तर लगेच सांग, सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, हेही आपण सांगितले पाहिजे आणि तसे वागून दाखवले पाहिजे. आम्हा शिक्षकांनाही हे तितकेच लागू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना ह्या क्षेत्रात जायचे आहे, त्यांनी तीन सवयी आतापासून लावून घ्याव्यात. पुसण्याचा हुकूम देण्यापूर्वी आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे वाचून पाहावे. बॅकअप आहे असे ऐकून समाधान मानू नये. तो उघडून, त्यातून एखादी फाइल परत काढून पाहावी. आणि जे केले ते तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवावे. ह्यासाठी इंजिनियरिंगची पदवी लागत नाही. नीटनेटकेपणा लागतो, आणि तो उर्दू माध्यमाच्या शाळेत काय किंवा मराठी माध्यमाच्या शाळेत काय, सारखाच शिकता येतो.

घरासाठी आणि शाळेसाठीही ह्यात घेण्यासारखे आहे. मोबाइलमधील फोटो आपोआप इंटरनेटवर जातात, म्हणून ते सुरक्षित आहेत असे पुष्कळांना वाटते. परंतु अशा जुळणीत बहुधा इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. कचरापेटीत ते ठराविक दिवसच राहतात. मुलांची प्रमाणपत्रे, जमिनीचे कागद, आजी-आजोबांचे फोटो यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो काढून कपाटात ठेवावा. संगणकाला कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. शाळेच्या कार्यालयातही निकालपत्रके आणि जनरल रजिस्टरची संगणकीय प्रत दर आठवड्याला काढावी, मागील काही आठवड्यांच्या प्रती लगेच पुसू नयेत, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, अशी माझी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना नम्र सूचना आहे. त्यास खर्च जवळजवळ नाही. कोणी एकाने ती जबाबदारी घेऊन तारीखवार सही करावी, एवढेच.

आपण नेहमी मुलांना पुढे जा, मागे राहू नका, असे सांगत असतो. ते खरेच आहे. पण सगळ्या प्रती एकाच वेगाने पुढे धावू लागल्या की चुकीला अडवणारे कोणी उरत नाही. म्हणून एक प्रत मागे असू द्या, आणि चूक झाल्यावर ती वेळेत सांगण्याचे धैर्य आपल्या मुलांच्या अंगी असू द्या.